लवकरच एकट्या

१

माझी ताई नवऱ्याचा खून करणार आहे, हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं. सगळ्यांना म्हणजे भाऊजींना, आणि बुधवार दुपारपासून मला.

भाऊजी वजनमापं तपासायच्या खात्यात आहेत. दुकानादुकानांतून तराजू तपासत फिरायचं आणि खोटा सापडला की सील ठोकायचं, हे त्यांचं काम. डोक्यावरचे उरलेले केससुद्धा ते समान अंतरावर मांडून ठेवतात. त्या दुपारी त्यांनी मला ऑफिसमागच्या बाकावर बोलावलं, तेव्हा ते उकडलेलं अंडं सोलत होते आणि त्यांचा पट्टा नव्या भोकावर गेला होता.

"अकरा दिवस," ते म्हणाले, "घरचा घास घेतलेला नाही. ज्याला साल किंवा टरफल आहे तेवढंच खातो. अंडी, केळी, शेंगा. सालीच्या आत कुणाला काही घालता येत नाही."

"सुईने घालता येतं," मी म्हणालो.

त्यांनी अंडं खाली ठेवलं. मला वाईट वाटलं, कारण अंडं चांगलं होतं.

मग त्यांनी फाइल काढली. भाऊजींकडे प्रत्येक संशयाची फाइल असते. आत अठरा दिवसांच्या जाहिराती तारीखवार लावलेल्या होत्या, त्यांच्या फोनवरच्या, ताईच्या फोनवरच्या आणि टीव्हीवरच्या. 'पतीच्या निधनानंतर पेन्शन: अर्ज घरबसल्या.' 'विम्याचा दावा सात दिवसांत.' 'एका व्यक्तीसाठी आटोपशीर घर.' 'एका माणसापुरता छोटा कुकर.' 'शोकातून सावरताना: पहिले तीन महिने.'

"जाहिराती काय, कुणालाही येतात हो."

"कुणालाही येत नाहीत. तुझीच कंपनी पाठवते ना? घरात जे शोधलं जातं त्याच्याच पाठवते ना?"

हे खरं होतं. मी आमच्या शहरातल्या इंटरनेट कंपनीत तक्रारींच्या फोनवर बसतो. माझं सगळं ज्ञान एका वाक्यात मावतं: राउटर बंद करा, थोडं थांबा, चालू करा. पण एवढं मलाही ठाऊक होतं की ग्राहक कुठली पानं उघडतो ते कंपनी बघते, त्यावरून ग्राहकांचे गट पाडते आणि ते गट जाहिरातवाल्यांना विकते. ग्राहकाने याला मंजुरी दिलेली असते. फॉर्मच्या एकोणिसाव्या पानावर, जिथपर्यंत आजवर एकही माणूस जिवंत पोचलेला नाही.

"आणि तुझी ताई फार्मासिस्ट आहे," भाऊजी म्हणाले. "अख्खं दुकान तिच्या हाताशी. मी शनिवारी सकाळी अकराला पोलिसांकडे जाणार. तुला सांगितलं, कारण तू तिचा भाऊ आहेस. आणि तूही दर बुधवारी आमच्याकडे जेवतोस, तरी तुला काही होत नाही, याचीही मी नोंद केली आहे."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी तो माझ्यासमोर धरला.

'आता घर शांत वाटतंय का? आमच्याशी बोला.'

२

आमच्या कंपनीत दुसऱ्या मजल्यावर जाहिरात विभाग आहे. तिथे एक मॅडम बसतात. त्यांना शहरातल्या नव्वद हजार घरांचं सगळं माहीत असतं आणि नाव एकाचंही माहीत नसतं, कारण नावं बघणं नियमात बसत नाही. गुरुवारी मी त्यांना ताईच्या घराचा ग्राहक क्रमांक दिला.

"हे बेकायदेशीर आहे," मॅडम म्हणाल्या.

"कळलं."

"नाही, तुम्ही विचारलंत ते. आम्ही करतो ते कायदेशीर आहे." मग त्यांनी पडद्याकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "बापरे. हे घर 'लवकरच एकट्या' गटात आहे."

"असा गट आहे?"

"गेल्या वर्षी सुरू केला. छान चालतो. आधी फक्त 'एकट्या' होता, पण तोवर उशीर झालेला असतो. पलंग वगैरे घेऊन झालेला असतो." त्या खाली सरकत गेल्या. "फारच पद्धतशीर बाई आहे हो. आधी पेन्शन, मग विमा, मग विजेचं बिल दुसऱ्याच्या नावावर कसं करायचं. मग छोटा कुकर. घाई नाही, गडबड नाही. मला तर अशी माणसं आवडतात."

"जाहिराती कुठे जातात?"

"फॉर्मवर जे फोन नंबर लिहिलेत तिथे, आणि आमच्या टीव्हीच्या डब्यावर. घरातून काय शोधलं ते तारेवरून कळतं, पाठवायचं कुठे ते फॉर्मवरून. एवढं सोपं आहे."

"घरातल्या कुणी शोधलं ते कळतं?"

"ते कळलं असतं तर आम्ही दुप्पट मोठी कंपनी नसतो का झालो? घर कळतं, माणूस नाही. वेळ मात्र सेकंदापर्यंत कळते. हे बघा, अगदी ताजं. मंगळवारी सकाळी अकरा वीसला, 'नवऱ्याच्या नावावरचं गॅस कनेक्शन'. चौदा मिनिटं वाचलंय."



मंगळवारी सकाळी अकरा वीसला ताई तिच्या दुकानात होती. भाऊजी बाजारात तराजू जप्त करत होते. घरात तिसरं माणूस म्हणजे भाऊजींची आई, आणि ती दातांच्या डॉक्टरच्या खुर्चीत होती. मीच घेऊन गेलो होतो. तिची दाढ माझ्यासमोर निघाली. याहून पक्का पुरावा कोर्टातही मिळत नाही.

मंगळवारी अकरा वीसला त्या घराला कुलूप होतं.

३

गुरुवारी संध्याकाळी मी चौकशीला ताईकडे गेलो. इमारत चार मजल्यांची, एका मजल्यावर एक घर. ताई तिसऱ्यावर. जिन्यात नवा रंग लागला होता, इतका पांढरा की माणूस आपोआप चपला हातात घ्यायचा.

सुरुवात भाऊजींच्या आईपासून केली. तिचे यजमान जाऊन बारा वर्षं झाली होती, म्हणजे पेन्शनच्या अर्जाचा अनुभव घरात तिला एकटीलाच.

"मी कशाला शोधू?" गालाला हात लावून ती म्हणाली. "माझी चालू आहे. फोन मी फक्त उजेडासाठी वापरते. तू कुणावर संशय घेतोयस ते सांग, मग मी बघते काय आठवतं."

"संशय असा कुणावर नाही."

"मग मी सांगू? बाहेरचं माणूस इथे एकच येतं. येतं, पोटभर जेवतं आणि वाटीपण उचलत नाही."

ती साक्ष मी नोंदवून घेतली नाही.

ताई स्वयंपाकघरात होती. ओट्यावर झाकलेलं ताट होतं, भाऊजींचं. ती ते रोज वाढायची, रोज झाकायची आणि रोज सकाळी स्वतःच्या डब्यात भरून न्यायची.

"बाहेर खाऊन येतो म्हणतो," ती म्हणाली. "अंड्याची टरफलं कपाटात सापडतात. कपड्यांच्या कपाटात. विचारलं तर माझ्याकडे असा बघतो, जशी मी तराजूत वजन मारते. तुला काही बोलला का?"

मी तिला सांगितलं. सांगायचं नाही असं ठरवून गेलो होतो, पण ताईसमोर माझं ठरवलेलं कधी टिकत नाही. ती आधी हसली. मग हसायची थांबली.

"मला मारायचंच असतं तर नऊ वर्षं स्वयंपाक कशाला केला असता? पहिल्याच वर्षी उरकलं असतं."

"हे भाऊजींना सांगू नकोस."

"पोलिसांत जाणार? आणि माझ्या दुकानात कळलं की हिच्यावर विषाची तक्रार आहे, मग? औषधाचं लायसन आहे माझं. उद्या कोण माझ्या हातची गोळी घेईल?" तिने ताटावरचं झाकण उचललं आणि परत ठेवलं. "ऐक. तो त्या दारातून पोलिसांकडे गेला की मी त्याच दारातून बॅग घेऊन जाईन. नंतर माफी मागितली तरी परत येणार नाही. ज्याला माझ्या हाताची भीती वाटते त्याला वाढायचं कसं?"

ताई असली वाक्यं रागात बोलत नाही, म्हणून ती खरी असतात.

"तू काही शोधलं होतंस का? कुकर वगैरे?"

"शोधणार कशावर? तुझ्या कंपनीचं नेट तीन आठवडे गोगलगाय झालंय. पहिल्याच दिवशी तक्रारीचा फोन केला तर तूच उचललास. राउटर बंद करून चालू कर म्हणालास. मी म्हटलं, अरे मी ताई. तर म्हणालास, हो ताई, राउटर बंद करून चालू करा."

हे मला आठवत होतं. मी मान खाली घालून बाहेर पडलो.

जिन्यात वरच्या मजल्यावरच्या काकू उभ्या होत्या. त्यांनी माझी बाही धरली आणि मला दाराआड ओढलं.

"तू इंटरनेट कंपनीत आहेस ना? एक विचारायचंय. आमच्या ह्यांना कळता कामा नये." त्यांनी मागे बघितलं. "आमच्या घरात कुणीतरी कुणालातरी विष घालतंय, असं तुमची कंपनी का म्हणते?"

४

काका-काकू चौथ्या मजल्यावर दोघंच राहतात. काका बस डेपोत वेळापत्रकं बनवायचे. निवृत्त झाले तरी अजून घरात कुणी कुठे जायला निघालं की घड्याळ बघतात. काकूंनी मला गॅलरीत उभं केलं आणि फोन दिला.

'जेवणात विष? घरच्या घरी तपासा, निकाल पाच मिनिटांत.' 'चव कडवट लागते? दुर्लक्ष करू नका.' 'जोडीदारावर नजर ठेवा: छुपा कॅमेरा.' आणि त्यांच्या मधोमध: 'टक्कल लपवा, आत्मविश्वास मिळवा. खऱ्या केसांचे टोप.'

"टोप?" मी विचारलं. आतल्या खोलीत काकांचं डोकं दिसत होतं. सत्तरीतही त्यावर केस इतके दाट होते की फणी मोडावी.

"तेच तर! आधी आठवडाभर नुसते टोप. मग विष सुरू झालं. मी रोज रात्री पडल्या पडल्या विचार करते आणि आता मला सगळं कळलंय." काकू माझ्या कानाशी आल्या. "बाई आहे."

"कुठे?"

"अरे, ह्यांची! टोप घालून ओळखू येऊ नये म्हणून तिला भेटणार. आणि मला कळलं तर मी विष घालीन अशी भीती, म्हणून ते तपासायच्या पट्ट्या. दिवसभर मागच्या खोलीत दार लावून कॉम्प्युटरवर असतात. मी गेले की पान बंद करतात. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने माझ्यासमोर साधं दार लावलं नव्हतं." त्यांचे डोळे भरून आले. "आणि आता तर काय, नेटही सुसाट झालंय. तीन आठवडे झाले. बाईला जोर आलाय नुसता."

माझ्या मनात पाल चुकचुकली.

खाली ताईचं नेट तीन आठवडे गोगलगाय. वर काकूंचं तीन आठवडे सुसाट. ताईने महागातला वेगवान प्लॅन घेतलेला, काकांनी सगळ्यात स्वस्त. एका घरात केस समान अंतरावर मांडणारा माणूस, त्याला विषाची भीती. आणि टोपाच्या व विषाच्या जाहिराती दुसऱ्याच घरात.

"काकू, तुमच्या फॉर्मवर नंबर कुणाचा आहे?"

"माझाच. कनेक्शन माझ्या नावावर आहे. हे म्हणाले, कंपन्यांना आपला नंबर देऊ नये, तुझा दे."

मी जिन्यात आलो. तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये आमच्या कंपनीचा डबा आहे. एका डब्यातून चार घरांना चार तारा जातात. मागची भिंत दुधासारखी पांढरी होती. डबा काढल्याशिवाय तिथे ब्रश पोचलाच नसता. डब्याच्या दारावर रंगाऱ्याचा नंबर लिहिलेला होता. त्याने जाहिरात करायला कुणाची मंजुरी घेतली नव्हती.

"डब्याच्या मागे? हो, मारला की!" फोनवर रंगारी म्हणाला. "लोक डब्याभोवती रंग फासतात. आपण तसलं काम करत नाही. चारही तारा काढल्या, मागे दोन हात मारले, वाळल्यावर परत खोचल्या. नेट कुणाचं बंद पडलं का? सांगा, पडलं का?"

"नाही पडलं. कुठली तार कुठे होती ते लक्षात ठेवलं होतंत?"

"निळी पहिली, पिवळी दुसरी. उरलेल्या दोन करड्या. करड्याला करडी, त्यात काय बघायचं? वर कागदाच्या चिठ्ठ्या होत्या चिकटवलेल्या, पण मळल्या होत्या. इतक्या स्वच्छ भिंतीवर बऱ्या नाही दिसल्या. काढून टाकल्या."

निळी पहिल्या मजल्याची, पिवळी दुसऱ्याची. करड्या दोन म्हणजे ताई आणि काकू. आमच्या कंपनीला घर कळतं ते तारेवरून नाही, तार ज्या भोकात खोचलीय त्यावरून. तिसरं भोक म्हणजे ताई, चौथं म्हणजे काकू, मग पलीकडच्या टोकाला कुणीही बसलेलं असो. कुठलीही तार कुठेही खोचा, नेट चालतंच. म्हणून तीन आठवडे कुणाला काही कळलं नाही. ज्या एका ग्राहकाला कळलं होतं, तिला मी राउटर बंद करायला सांगितलं होतं.

खात्री करायला मी तिसऱ्या भोकातली तार उपसली. कागदोपत्री ती ताईची. खाली ताईच्या घरात टीव्हीवरची मालिका तशीच रडत राहिली.

वरून काकांचा आवाज आला, "अगं, नेट गेलं!" मी तार पुराव्यासाठी होती तिथेच परत खोचली.

म्हणजे भाऊजींचे टोप आणि विषं वर काकूंकडे जात होती, आणि काकूंच्या घरातलं सगळं खाली ताईकडे. ताई निर्दोष होती. मी जिन्यात एकटाच टाळ्या वाजवल्या. दोन वाजवून झाल्यावर तिसरी हवेतच राहिली.

वरच्या घरात माणसं दोनच. त्या घरात काकू विधवा व्हायची तयारी चालली होती, आणि त्याच काकू आत्ता माझ्याशी विषाबद्दल बोलल्या होत्या. मी खून रद्द केलेला नव्हता. फक्त मजला बदलला होता.

५

शुक्रवारी काकू दिवसभर घरातून हलल्या नाहीत. मी तीन वेळा तार तपासायच्या निमित्ताने वर गेलो आणि तिन्ही वेळा त्यांनी मला चहा दिला. मी तो तिन्ही वेळा कुंडीत ओतला. कुंडीतल्या झाडाला काही झालं नाही, पण संथ विषं असतात असं भाऊजींच्या फाइलमध्ये होतं.

शनिवारी सकाळी साडेनऊला काकू गच्चीत कपडे वाळत घालायला गेल्या. मी मागच्या खोलीचं दार वाजवलं. काकांनी पान बंद केलं, दार उघडलं आणि घड्याळ बघितलं.

"काका, तुमच्या जिवाला धोका आहे," मी म्हणालो.

"आहे," ते म्हणाले. "तुला कुणी सांगितलं?"

त्यांनी मला खुर्ची दिली आणि स्वतः पलंगाच्या कडेला बसले.

"डॉक्टरने वर्ष म्हटलंय. मी दहा महिने धरलेत. वेळापत्रकात थोडं हाताशी ठेवावं लागतं, नाहीतर शेवटची गाडी चुकते." ते बस सुटल्यासारखं सांगत होते. "ही बँकेत गेली नाही कधी. विजेचं बिल कुठे भरतात तिला माहीत नाही. चूक माझी, मीच म्हणायचो, राहू दे, मी बघतो. आता सगळं शोधून लिहून ठेवतोय. पेन्शनचा अर्ज कसा, गॅस कुणाच्या नावावर, कुठली खिडकी किती वाजता उघडते. तिला दोनपेक्षा कमी माणसांचा स्वयंपाक येत नाही रे. उरेल, आणि उरलेलं बघून ती रडेल. म्हणून कुकर बघत होतो."

"काकूंना माहीत नाही?"

"लिहून पूर्ण झालं की सांगणार. नुसती वाईट बातमी देऊ नये माणसाने, सोबत काहीतरी सोय द्यावी."

सगळी पानं जुळली होती. खुनी नव्हता, खूनही नव्हता. आणि मला इतकं वाईट यापूर्वी कधी वाटलं नव्हतं. कारण दहा वाजत आले होते. भाऊजी अकराला निघणार. ते पुराव्याशिवाय काही मानत नाहीत, आणि तारा बदलल्या म्हटलं तर पहिला प्रश्न विचारणार: मग वरच्या घरात कोण मरणार आहे?

मी काकांना सगळं सांगितलं. जाहिराती कुठे गेल्या ते, भाऊजींची अंडी, ताईची बॅग. शेवटी म्हणालो, "तुम्ही नाही म्हणालात तर मी कुणाला बोलणार नाही. आईशपथ."

"आणि मग त्या पोरीचं काय?"



काकांनी परत घड्याळ बघितलं. "लिहायचं अजून बरंच राहिलंय," ते म्हणाले आणि उठले. "ती आली बघ. तू बाहेर थांब. दार मात्र उघडं राहू दे. तिला आता बंद दाराचा वीट आला असेल."

६

मी बाहेरच्या खोलीत कॅलेंडरकडे तोंड करून उभा राहिलो. ऐकायचं नव्हतं, पण घर लहान होतं.

काकांनी तीन-चार वाक्यांत सांगितलं. कुठला अवयव, कुठला डॉक्टर, किती महिने. मग काकूंचा आवाज आला.

"म्हणजे बाई नाही?"

"कसली बाई?"

"टोप घालून जिला भेटायला जाणार होतात ती."

"टोप? मला? कशाला?"

"मग बाई नाहीच?" काकू हसल्या. मोकळं, तीन आठवडे साठलेलं हसू. "अहो, मी तर झोपले नाही हो इतके दिवस! देवा रे! मला वाटलं, ह्या वयात आता..." हसू मध्येच थांबलं. बादली खाली ठेवल्याचा आवाज आला.

"मघाशी पहिलं काय म्हणालात? परत सांगा."

काकांनी परत सांगितलं. ह्या वेळी एकच वाक्य.

मी कॅलेंडरवरचे पुढचे दहा महिने मोजले आणि मग मोजल्याची लाज वाटली.

अकराला पाच कमी असताना आम्ही तिघं ताईच्या दारात पोचलो. भाऊजी इस्त्रीचा शर्ट घालून, फाइल काखेत मारून चपला शोधत होते. चपला ताईच्या बॅगखाली होत्या. ती उचलायला दोघंही तयार नव्हते. मधे भाऊजींची आई खुर्ची टाकून बसली होती आणि "दोघांपैकी जो आधी जाईल त्याने दूध आणून द्या" म्हणत होती.

मी तारांचं सांगितलं. भाऊजींनी फाइल उघडली, तारखा जुळवल्या, रंगाऱ्याचा दिवस ताडून बघितला. "वेगाच्या नोंदी बरोबर आहेत," ते म्हणाले. "पण हे एवढ्याने सिद्ध होत नाही. माझ्या घरातून वर काय गेलं याला पुरावा काय?"

काकूंनी फोन पुढे केला. भाऊजींनी टोपाची जाहिरात बघितली. आम्ही सगळ्यांनी भाऊजींचं डोकं बघितलं. ते कानापर्यंत लाल झालं. मधे अडवायला फारसं काही नव्हतं.

"तुला टोप हवा होता?" ताईने विचारलं. "माझ्यासाठी?"

"पाहत होतो नुसता," भाऊजी पुटपुटले. मग काकांकडे वळले. "पण मग वरून जे खाली आलं, ते... कुणी..."

"मी," काका म्हणाले. "तुझ्या बायकोने नव्हे. माझ्या बायकोसाठी मी."

भाऊजींनी फाइलमधला एकेक कागद परत बघितला. पेन्शन. विमा. कुकर. तेच कागद, तेच शब्द, अठरा दिवस घोकलेले. ह्या खेपेस त्यांना ते वाचायला फार वेळ लागला. मग ते काकांच्या पाया पडायला वाकले आणि वाकता वाकता भोवळ येऊन तिथेच बसले. चौदा दिवस अंड्यांवर काढले होते त्यांनी.

ताईने बॅग पायाने बाजूला सारली आणि आत गेली. बाहेर आली ती ताट घेऊन.

"विष संपलंय," ती म्हणाली. "साधं जेवण आहे. चालेल?"

भाऊजी जेवले. ना वजन केलं, ना नोंद. ताई समोर बसून प्रत्येक घासाकडे बघत होती आणि तिचे डोळे अजून कोरडे होते. माफीचं अजून काही ठरलेलं नव्हतं. पण बॅग तिने आत नेऊन ठेवली, हे मी पाहिलं.

मी उठलो. "तारा बदलून येतो," म्हणालो, आणि दारात थबकलो. तारा बदलल्या की वरचं वर जाणार. काका जे जे शोधतील ते दुसऱ्या दिवशी काकूंच्या हातात. 'लवकरच एकट्या' म्हणून हाक मारत.

"काकू, हव्या तर राहू देऊ तशाच," मी म्हणालो. "भाऊजींना सवय झालीय. मी कंपनीत काही बोलत नाही."

काकू जिन्याच्या कठड्याला धरून उभ्या होत्या. त्यांनी काकांकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"नको. नीट लाव," त्या म्हणाल्या. "ह्या माणसाने आधी कॉम्प्युटरला सांगितलं, मग तुमच्या कंपनीला, मग खालच्या मजल्याला. मी शेवटची. यापुढे निदान दुसरा नंबर तरी माझा लागू दे."

मी जिन्यात जाऊन दोन्ही करड्या तारा काढल्या आणि ज्याची त्याला लावली. ते दोघं माझ्या बाजूने वर गेले. थोड्या वेळाने वरून खुर्ची ओढत नेल्याचा आवाज आला, स्वयंपाकघरापासून थेट मागच्या खोलीपर्यंत.